उणे एकेचाळीस

आकडा उणे आला. उणे एकेचाळीस.

तिने पडल्या पडल्या लॅपटॉप पोटापासून जरा दूर सरकवला आणि तोच हुकूम पुन्हा पाठवला: मोज. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत, यंत्राने कपातलं पाणी पुन्हा मोजलं आणि निमूट कळवलं. उणे एकेचाळीस.

यंत्र पाण्यातलं शिसं मोजायचं. शिसं असतं किंवा नसतं. नसण्याहूनही कमी कसं असेल?

"मावशी, कपात काय ठेवलंय?" तिने प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशींना फोनवर विचारलं.

"डोंगरातल्या झऱ्याचं पाणी, बाई. आजच पहिल्यांदा आलंय ना ते. का हो, आपलं खोकं बिघडलं की काय?"

"खोकं ठीक आहे. फोन ठेवू नका."

आठवा महिना चालू होता. अंथरुणातून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यातच बजावलं, तेव्हापासून प्रयोगशाळेचा संसार असा दोघींत वाटला गेला होता. पाणी बदलायला तिकडे मावशी, हुकूम सोडायला इकडे ही. रोज सकाळी मावशींनी सीलबंद बाटलीतलं शुद्ध पाणी कपात ओतायचं, हिने हुकूम धाडायचा: हे शून्य धर. मग दिवसभर शहरातल्या नळांचं पाणी त्या शून्याशी ताडून बघायचं. पाच महिने सगळे नळ शून्याच्या आसपास. सासूबाई विकतचं पाणी मागवायला निघाल्या, तेव्हा हिनेच हसून अडवलं होतं. "आई, मी पास केलेलं पाणी मीच प्यायचं नाही, तर लोकांनी काय म्हणायचं?" डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. ही शहाण्या मुलीसारखी ग्लासामागून ग्लास रिचवत होती.

यंत्राला कपात काय आहे ते दिसत नाही. सांगितलं ते करतं, आणि झालं म्हणून कळवतं.

"मावशी, सकाळी शून्याला कुठलं पाणी घातलंत?"



"नळाचं."

"आणि बाटल्या?"

"त्या मी घरी नेते. नातीच्या दुधाची पावडर कालवायला. रागावू नका, बाई."

"कधीपासून?"

"तुम्ही घरी बसलात तेव्हापासून."

झऱ्याचं उणे एकेचाळीस, म्हणजे नळाचं निदान एकेचाळीस. दहाच्या वर गेलं की नळ बंद करायचा असतो. तिने हिशेब दोनदा केला. तिसऱ्यांदा करायचं धाडस झालं नाही.

"यंत्राला नळाचं कसं चालेल, मावशी?"

"न चालायला काय झालं? तुमच्याच रिपोर्टात होतं की, नळाचं पाणी शुद्ध आहे म्हणून. रोज मीच तर बोर्डावर लावते."

"मग नातीलाही तेच द्यायचं होतं ना," ती अगदी हळू म्हणाली.

"काहीतरीच तुमचं, बाई," मावशी म्हणाल्या. "लेकराला कुणी कागदाच्या भरवशावर सोडतं का?"