बाबांच्या मापाची सीट

ज्वारी काढणाऱ्या बायकांनी मला बांधावर बोलावून भाकरी दिली. सोलापूरहून तीन दिवस मी बाबांची सायकल चालवत होते. पाय पेडलला जेमतेम पोचायचे, कंबर ठणकत होती.

“सीट खाली घे की गं,” साडीवर पुरुषाचा शर्ट घातलेली मावशी म्हणाली.

“बाबांच्या मापाची आहे. उन्हाळ्यात गेले ते.” निघताना सायकलवाल्यालाही मी सीटला हात लावू दिला नव्हता.

“माप बापाचं, पन कंबर तुझीच हाय न्हवं?”

बायका हसल्या. मावशी जवळ सरकली.

“ह्यो शर्ट आमच्या मालकांचा. ते गेल्यावर वरीसभर खुंटीवर व्हता. शेवटी बाह्या कापल्या नि कामाला घातला. तरी शर्ट त्येंचाच हाय की.”

सायकलला अडकवलेल्या बाबांच्या पिशवीतला पाना घेऊन मी नट सैल केला. सीटच्या दांड्यावर त्यांच्या उंचीला गंजाचं कडं पडलं होतं. सीट दाबली तसं ते नळीत उतरलं, दिसेनासं झालं.

मग सायकल उचलून बांधावरून रस्त्यावर घेतली. वजन तेवढंच होतं.