चौथा परिणाम

चाचणीच्या पेपरवर अण्णांची सही हवी होती. भूकंपाचे चार परिणाम विचारले होते. महानंदाने तीनच लिहिले, म्हणून बाईंनी एक गुण कापला होता.

"जीवितहानी, घरांची पडझड, रस्त्यांना तडे. चौथा कुठाय?" अण्णा म्हणाले. "भूकंपानं भुईसपाट झालेल्या गावची पोर, आणि यातच गुण घालवलास? लोक हसतील!"

"चौथा मीच की, अण्णा! भूकंप झाला नसता, तर तुम्ही आईशी दुसरं लग्न कशाला केलं असतं?"

अण्णा खो खो हसले. भाकरी थापणारी आईही पदराआड हसली. मग तिघांची नजर एकदमच भिंतीवरच्या फोटोकडे गेली. अण्णांची पहिली बायको, कडेवर तिची महानंदा. दोघी भूकंपाच्या पहाटे ढिगाऱ्याखाली गेल्या. त्या लेकीचं नाव तेवढं हिच्या वाट्याला आलं.

अण्णांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. आईनं पिठाचे हात धुतले. पहिली भाकरी रोज त्या फोटोपुढंच जायची. आज तिनं ती दोन्ही हातांनी ठेवली.

"अक्का, लेकरू बोलून गेलं," ती म्हणाली. "हसलो ते आम्ही."