नियमकाकांचा चष्मा

आम्हा पाणबुड्यांच्या सुपरवायझरला सगळे नियमकाका म्हणतात. परवान्यावर त्यांची सही झाल्याशिवाय पाण्याला बोटसुद्धा लावायचं नाही.

आज धक्क्यावरून वाकून बघताना त्यांचाच चष्मा खाली पडला. पाणी जेमतेम गुडघाभर, पण भरती सुरू झालेली.

“काका, दोन मिनिटांत काढून देतो,” मी बूट उतरवत म्हणालो.

“खबरदार! आधी परवाना.”

धावतपळत जाऊन परवान्याची चारही पानं भरली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, मग हातभर लांब धरली, सवयीने खिसा चाचपला.

“वाचून दाखवू का, काका? पाणी चढतंय.”



“वीस वर्षांत मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचून सही केलेली नाही!”