भोंगा

चौकाकडून अबुंदिओकाकांच्या सायकलचा भोंगा वाजला, की पुएब्ला शहरातल्या आमच्या गल्लीत घरोघरी कॉफी गॅसवर चढते. काका डोक्यावर टोपली घेऊन गोड पाव विकतात. आज भोंगा लवकर वाजला आणि थांबेचना. “आले, म्हाताऱ्या, दम धर! पाव काय पळून चाललेत?” शेजारची ओफेलिया खिडकीतून ओरडली. पिशव्या घेऊन आम्ही हसतच चौकात पोचलो. जिथे सिग्नल बसवा म्हणून नगरपालिकेत घसे कोरडे केले, तिथेच मिनीबस आडवी उभी होती. चाकाखाली सायकल, रस्ताभर पाव. काका हलत नव्हते. ओफेलियाने हातातल्या पिशवीसकट ड्रायव्हरची कॉलर धरली. “मेल्या, एवढा भोंगा वाजवत होता तो! कान फुटले होते तुझे?” ड्रायव्हर आमच्याच गल्लीतला होता. “ऐकला ना, मावशी,” तो म्हणाला. “मला वाटलं, काका पाव विकतायत.” तिच्या हातून कॉलर सुटली.