अर्ध्यावरचा काटा

तिच्या हातून एकदा, एकदाच, गाडी रस्त्यात पेट्रोल संपून बंद पडली होती. तेव्हापासून नवरा चारचौघांत हसत सांगायचा, "आमच्या हिला पेट्रोलचा काटासुद्धा वाचता येत नाही."

दुसरीबरोबर संसार थाटायला घर सोडून निघाला, तेव्हाही त्याला काळजी गाडीचीच. तिकडे पार्किंग मिळेपर्यंत गाडी इथेच राहणार होती. "काटा अर्ध्यावर आहे. मी न्यायला येईन तेव्हा तिथेच दिसला पाहिजे. गाडीला हात लावायचा नाही!" त्याने दरडावलं.

पावसाळा सरल्यावर तो आला, नव्या बाईसाहेबांना मिरवत. काटा अर्ध्यावरच होता. "शिकली म्हणायची!" म्हणत दोघं खिदळत निघून गेली.

तिची चार भांडी विसळून होतायत तोच फोन वाजला.

"भर पुलावर बंद पडलीय! मागचे हॉर्न बडवतायत, शेजारी हिच्या तोंडाचा पट्टा सुरू आहे. टाकीत काय ओतलंस?"

"काही नाही हो. हातसुद्धा लावला नाही. तुम्हीच बजावलं होतंत ना?"

पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजवाल्याचा फोन आला होता. "साहेब फोन उचलत नाहीत. गाडीच्या टाकीचं झाकण सैल आहे, आणि हे इथेनॉलचं पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण बदला, टाकी फुल ठेवा, नाहीतर आतलं पेट्रोल वाया जाईल. साहेबांना आठवणीने सांगा हं, वहिनी."



वहिनी आठवणीने विसरल्या होत्या.