समुद्राकडची हाक

ग्रीसच्या त्या इवल्याशा बेटावर उन्नती मावशीसोबत काय धमाल करत होती म्हणून सांगू! दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस बघून तिला समुद्रकाठच्या आपल्या नवापूर गावातले बोंबील आठवले, आणि तिने घरी आईला फोन लावला.

"कार्टे, आलीस पन सांगितलंस नाय!" आई हसत होती. "किनाऱ्यावरून हाक मारलीस, मी लगेच ओ दिली."

उन्नतीच्या हातातलं आइस्क्रीम मनगटावर ओघळलं. तोंड दिसल्याशिवाय समुद्राकडच्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आईनेच तर तिला लहानपणापासून बजावलं होतं.

"आई, मी अजून बेटावरच हाय गं! दार लाव!"

"मग अंगनात ही कोन?"

पाठोपाठ फोनमधून उन्नतीला स्वतःचाच लाडिक आवाज ऐकू आला, "आई, सरक ना, आत येऊ दे."