दारावरचा प्रश्न

"इथे कसला कार्यक्रम आहे, कल्पना आहे ना तुम्हाला?" सिस्टरने दारातच विचारलं.

समोरचा माणूस गडबडला. पन्नाशीचा, सिस्टरसारखाच काळा. बसचालकाची निळी पँट आणि वर कडक इस्त्रीचा घरचा शर्ट. त्याच्या मागे तीन गोरी पोरं उभी होती, त्यांनी माना उंचावून पाहिलं.

"नाही... म्हणजे भाच्याला शोधत होतो. पत्ता चुकला वाटतं," असं पुटपुटून तो आल्या पावली परत गेला. तिघं हसतखिदळत आत शिरले. सिस्टरने त्यांना कोपऱ्यातला चहा दाखवला.

प्रश्न तसा सगळ्यांच्या भल्याचाच होता. हे मंडळ समलिंगी आणि ट्रान्स माणसांचं. मागे एकदा काही टगे गंमत बघायला घुसले, फोटो काढून पसार झाले आणि एका शिक्षिकेची नोकरी गेली. तेव्हा ठरलं, शंका आली तर दारातच विचारायचं. तीन वर्षांपूर्वी सिस्टरलाही विचारलं होतं. तिने हसून वेळ मारून नेली, पण आत जाईपर्यंत जिवाचं पाणी पाणी झालं होतं.

तेव्हापासून या गोऱ्यांच्या मंडळात काळी अशी ती एकटीच. पोस्टरवर मात्र दरवर्षी तिचा हसरा फोटो ठरलेला, बाकी कोणाचा छापणार? तिला त्याचा वीट आला होता. आपल्या माणसांसारखं कोणीतरी शेजारी बसावं, थट्टा करावी, घरच्यांच्या नावाने बोटं मोडावीत, एवढंच तिला हवं होतं. म्हणून या खेपेला तिने आपल्या दवाखान्यात, परदेशातून आलेल्या काळ्या लोकांच्या वस्तीत, पत्रकं ठेवली होती. "यातूनही कोणी आलं नाही, तर हा नाद सोड बाई," असं अध्यक्षबाईंनी बजावलं होतं.

"सिस्टर, त्या माणसाच्या मुठीत आपलं पत्रक होतं गं," दारात तिच्या शेजारी उभे असलेले पोस्टमन आजोबा हळूच म्हणाले. निवृत्तीनंतर, पासष्टाव्या वर्षी, आपल्याला पुरुष आवडतात हे त्यांनी घरी सांगून टाकलं होतं. दारावर आज त्यांचा पहिलाच दिवस. "घड्या घालून घालून पार चोळामोळा झालेलं."

सिस्टर धावतच रस्त्यावर गेली. कोपऱ्यापर्यंत गेली, बसथांबा पाहिला, समोरच्या दुकानात डोकावली. तो कुठेच नव्हता. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. एक माणूस, तीन वर्षांत तिच्यासारखा एकच माणूस आला होता, आणि तिने त्याला हाकललं होतं. तिला रडू फुटलं.

आजोबांनी तिला पाणी दिलं. त्यांना मनापासून काम शिकायचं होतं.

"मला एक समजावून सांग. पुढच्या वेळी मी एकटाच असणार. त्याच्या मागच्या तिघांना तू काहीच विचारलं नाहीस. ओळखीचे होते?"

"छे, आजच पहिल्यांदा पाहिले."

"मग त्यांना विचारायचं नाही, हे कसं ओळखलंस?"

सिस्टरने डोळे पुसले. तिला खरंच आजोबांचं नवल वाटलं.

"आजोबा, त्यांना काय विचारायचं? आपल्यातलेच दिसत होते की ते!"